मांडी घालून समोर बसायला वेळ नसलेल्या घरात पोरांकडे लक्ष कसं द्यायचं

पहिलेच सांगून टाकते, मी काही तज्ज्ञ नाही. आर्वी तालुक्यातलं घर, दोन पोरं, पोरगी चौथीत अन् लहाना पाच वर्षांचा, घरात मामाजी, मामीजी (म्हणजे माझे सासरे अन् सासू), जेठ म्हणजे मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन, कोठ्यात बैलजोडी अन् एक म्हैस. मागच्या उन्हाळ्यात मोबाईलवर ते माइंडफुल पॅरेंटिंगचे, म्हणजे भान ठेवून पोरं वाढवायचे, व्हिडिओ यायला लागले, एक पाहिला की दहा येतात तसे. सगळ्यांत सारखंच, पांढरी भिंत, गालिचा, एक आई, एक मूल, आई खाली बसते, मुलाच्या डोळ्यात पाहते अन् हळू आवाजात विचारते, तुला आत्ता काय वाटतंय. मी म्हटलं करून तर पाहू. लहान्याला सपरीत समोर बसवलं, डोळ्यात पाहिलं, विचारलं. तो माझ्याकडे पाहतच राहिला अन् मग म्हणते, "आई, तुले बरं नाई का?" तिकडून जाऊबाई फिस्सकन हसल्या.

बरं, व्हिडिओवाली बाई काही खोटं सांगत नाही. 2009 मध्ये डंकन, कोट्सवर्थ अन् ग्रीनबर्ग या तीन अमेरिकन संशोधकांनी या गोष्टीचे पाच भाग मांडले आहेत: पूर्ण लक्ष देऊन ऐकणं, पोराला अन् स्वतःलाही नावं न ठेवता आहे तसं घेणं, दोघांच्या मनात काय चालू आहे ते ओळखणं, पोराशी वागताना स्वतःला आवरणं, अन् दोघांबद्दल माया ठेवणं. यातलं एक तरी आपल्याकडे चालणार नाही असं आहे का? नाही. पण ते दिसते कसं, होते कोणत्या वेळी, घरात अजून कोण बसलं असते, हे घराघरावर अन् मुलखावर आहे. व्हिडिओतल्या घरात आई अन् मूल दोघंच. माझ्या घरात पोरगं रडलं की सहा जण विचारतात काऊन रडते, अन् त्यातले तीन मलाच बोलतात.

अन् अमेरिकेचं फॅड म्हणून नाक मुरडायचं असेल तर तेही जमत नाही. माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतल्या 'सति' (भान ठेवणं) या शब्दासाठी ऱ्हिस डेव्हिड्स नावाच्या अभ्यासकाने 1881 मध्ये वापरला, मग 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात दुखणेकऱ्यांसाठी त्याचा कोर्स सुरू केला, तिथून ते आईबापांपर्यंत आलं. आमच्या गावच्या विहारात पौर्णिमेला वंदना झाली की पोरं डोळे मिटून श्वास पाहत बसतात. म्हणजे इथलीच गोष्ट, गालिच्यावर बसून परत आली.

समोर नाही, बाजूला बसा

माझ्या हिशोबानं सगळ्यात कामाची गोष्ट ही. बार्बरा रोगॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई ग्वाटेमाला देशात सान पेद्रो या माया लोकांच्या गावात वर्षानुवर्षं जात राहिल्या. त्यांना अन् त्यांच्या सोबतच्या संशोधकांना दिसलं का तिथल्या आया अन् लेकरं एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवतात, काहीच न सोडता, अन् अमेरिकेतल्या शिकलेल्या गोऱ्या आया मात्र एक गोष्ट सोडून दुसरीकडे वळतात. हे वाचलं तर मला मामीजीच दिसल्या. त्या चुलीपुढे भाकर थापत असतात, शेजारच्या काकूशी बोलत असतात, अन् मागे न पाहता म्हणतात, "बाबू, ते विळ्याकडे नको जाऊ." म्हणजे लक्ष वाटलेलं असलं तरी ते लक्षच आहे. आपल्याकडे लक्ष कमी नाही, त्याची बैठक वेगळी आहे, एवढंच.

आता हे करायचं कसं. दिवसातलं असं एक काम निवडा ज्यात हात गुंतलेले अन् कान मोकळे राहतात, घाई नसते, अन् पोराला ते खरंच येते. थंडीत तुरीच्या शेंगा सोलणं सगळ्यात चांगलं. तांदूळ निवडणं, वाळवणातले खडे काढणं, बोंडातून कापूस काढणं, म्हशीला पाणी दाखवणं, हेही चालते. जेवणाच्या वेळची भाकर चालत नाही, तिथे घरभर भुकेले लोक असतात अन् आपलं डोकं तव्यावर. पोराला बाजूला बसवा, त्याच्यापुढे त्याचं वेगळं ताट द्या, अन् मग पहिले दहा मिनिटं काही विचारू नका. हे लय कठीण आहे. शाळेत काय झालं, डबा संपवला का, सरांनी काय दिलं, असं सगळं जिभेवर येते, ते गिळा. त्याच्याकडे पाहूही नका फार. शेंगा सोला.

माझी पोरगी. तिला रोज विचारायची शाळेत काय झालं, रोज उत्तर एकच, "काई नाई." जानेवारीत एका दुपारी आम्ही दोघी सोले काढत बसलो, ती दाणे वाटीत टाकून राहिली, टप टप, मी माझे टाकून राहिली, पाव वाटी झाली असेल अन् ती मान वर न करता म्हणते, "आई, मी आता मागच्या लाईनीत बसतो." मी हं म्हटलं. अजून पाच-सहा शेंगा. मग, "तिथून फळ्यावरचं पसरट दिसते." पसरट. मी हातातली शेंग तशीच ठेवली, पण बोलली काही नाही, कारण मी लगेच 'म्हणजे कसं, कधीपासून, सांगितलं काऊन नाही' सुरू केलं असतं तर ती परत बंद झाली असती. ती स्वतःच सांगत गेली, का ती बाजूच्या पोरीच्या वहीतून पाहून लिहिते अन् त्याच्यावरून बोलणी खाते. दुसऱ्या आठवड्यात डोळे तपासले, चष्मा लागला. समोर बसून डोळ्यात पाहून मी हे तिच्या डोळ्यातून काढूच शकली नसती.

संध्याकाळी त्या सोल्यांची वांग्यात भाजी केली अन् जेवताना मामाजींना सांगितलं का सोले हिने काढले. बस. दर मिनिटाला 'शाबास, व्हेरी गुड' करायची गरज नाही, तिच्या हाताचं काम सगळ्यांच्या ताटात आलं हे तिला समजते. (सेवाग्राम आमच्यापासून काही फार लांब नाही. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली तीही हाताच्या कामातून शिकायचं यावरच उभी होती, अन् आपण मात्र पोरगं कामाला हात लावायला आलं की म्हणतो, जा अभ्यास कर.)

दोन गोष्टी मात्र पक्क्या. शाळा बुडवून वेचणीला नेणं म्हणजे हे नाही, ती मजुरी झाली. अन् फवारणीच्या दिवसात पोरांना वावरात अजिबात नाही, पंप धुवायलाही नाही, फवारणीचे कपडे घालून आलेल्या बापाला मिठी मारायलाही नाही, पहिले त्याला न्हाऊ द्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, त्याच्यानंतरही आपण औषधाचे डबे घरात ठेवतो, यावर मी अजून काय बोलू.

कोणाच्या डोळ्यांना भेऊन ओरडता ते ओळखा

आता माझी फजिती. तान्हा पोळा होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली आणतात अन् मग घरोघरी नेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागतात, सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा तर नावाजलेला आहे. लहान्याकडे मामाजींच्या वेळचा जुना बैल, वीतभर, एका शिंगाचा रंग गेलेला. मी बेगड लावली, झूल शिवली. जेठांच्या पोराचा बैल मोठा, लायटिंगवाला. देवळापुढे पोचलो, सगळं गाव जमलेलं, अन् लहान्याच्या बैलाचं एक चाक निघालं. त्याने दोरी फेकली अन् चिखलात बसकण मारली. उठेना. लोक पाहून राहिले, कोणीतरी म्हटलं, "लाडाचा हाय वाटते." मी तोंडावर हसू ठेवलं अन् खालून त्याच्या दंडाला असा चिमटा काढला का दोन दिवस वण होता. कानात म्हटलं, घरी चल, मग दाखवतो तुले. माझ्या डोक्यात पक्कं होतं, मोठा बैल पाहून याला हेवा वाटला.

रात्री मामीजी कंदील घेऊन सपरीत बसल्या, त्या वेळी लाईन गेली होती. बाभळीची एक काडी तासली, चाकाच्या भोकात बसवायला लागल्या, अन् लहान्याला म्हटलं, बाबू उजेड धर. त्याने धरला. बऱ्याच वेळाने तो त्यांना हळूच विचारते, "आजी, त्याचा पाय दुखते का?" त्या म्हणाल्या, काऊन? "मी जोरानं ओढलं. पोळ्याले बैलाले काम नाई सांगत ना." अन् मग रडला, दिवसभराचं. मग समजलं का पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणतात ते त्याने पाहिलं होतं, अन् आपल्या लाकडी बैलालाही तसंच आवतन दिलं होतं. म्हणजे त्याने पाहुणा म्हणून बोलावलेल्या बैलाचा पाय मोडला होता, अन् मी त्याला हेवेखोर ठरवून चिमटा काढला.

तर काय करायचं. राग आला की स्वतःला एकच प्रश्न: आत्ता इथे कोणी पाहत नसतं तर मी ओरडली असती का? उत्तर 'नाही' असं आलं तर समजा का हा राग पोरावरचा नाही, चार लोकांच्या भीतीचा आहे. आपल्या गावात ही भीती खोटी नसते, लोक बोलतातच, वर्षभर बोलतात. म्हणून लोकांकडे लक्ष देऊ नका असा शहरी सल्ला मी देत नाही, तो इथे चालत नाही. पोराला उचला अन् तिथून बाजूला घ्या, देवळामागे, गल्लीत, कुठेही, फैसला तिथे करा. लोकांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा, मी म्हणते, "झोप आली त्याले." झालं, लोकांचं समाधान अन् पोराची अब्रू दोन्ही राहते. हो, पोरालाही अब्रू असते, आपण ती चारचौघात काढतो अन् मग म्हणतो, पोरगं निगरगट्ट झालं.

हात उचलला जायच्या आधी मी काय करते तेही सांगते. चप्पल काढून पाय जमिनीवर टेकवते, शेणाने सारवलेली जमीन थंड लागते, तेवढ्यात दोन श्वास होतात. मग मनात रागाचं खरं नाव घेते. 'सोयाबीनचा भाव.' 'मोटर जळली.' 'माझ्या भावाच्या लग्नाला हे येत नाहीत.' दहापैकी सात वेळा नाव पोराचं नसतेच. माठातलं पाणी पिणंही चालते, जोपर्यंत तोंडात पाणी आहे तोपर्यंत बोलता येत नाही, हा उपाय माझ्या आईचा.

पोराला शब्द आपलेच द्या

व्हिडिओत म्हणतात पोराला भावनेचं नाव सांगा, सॅड, अँग्री, असं. आपल्याकडे तर भांडार आहे, वापरा ना. करमत नाही. हिरमुसला. रुसली. जिवाला लागलं. धाकधूक होते. ओशाळला. 'करमत नाही' यात एकटेपणा, आठवण, कंटाळा सगळं येते अन् पाच वर्षांच्या पोराला ते बरोबर समजते. मामाच्या गावाहून आल्यावर लहाना चार दिवस चिडचिड करायचा, मी एवढंच म्हटलं, "करमत नाई का रे बाबू?" तर मांडीवर येऊन पडला.

आता घरच्या मोठ्यांचं. बुवा येईल, पोलीस पकडून नेईल, डॉक्टर सुई टोचेल, याने पोरगं गप बसते पण पुढे दवाखान्यात नेताना तीन माणसं लागतात. मामीजींना मी पोरांपुढे कधी टोकत नाही, त्यांच्या हातावर हे घर उभं राहिलं आहे, त्यांना मोबाईल दाखवून 'असं नसते करत' म्हटलं तर ते त्यांनाही लागेल अन् पोरांनाही समजेल का आजीचं ऐकायचं नाही. दुपारी त्यांच्या पायाला तेल लावताना बोलते. अन् बंद करा असं म्हणत नाही, दुसरं काम देते, का मामीजी, तो रडला का तुम्ही त्याला बैलाची गोष्ट सांगा, माझ्याच्याने तशी होत नाही. खरंच होत नाही. गोष्टीत त्या बुवाला विसरल्या.

माझं चुकलं हे पोराला म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मोठ्या माणसाने लहानापुढे झुकायचं म्हणजे काहीतरीच, असं वाटते. मीही चिमट्याचं लगेच म्हटलं नाही, पहिले दुसऱ्या दिवशी त्याच्या आवडीचे सरगुंडे केले, ताटात जास्त वाढले. आपल्याकडची माफी अशीच असते, ताटातून येते, अन् ती खोटी नसते. पण पोराला ती माफी आहे हे कळत नाही, त्याला फक्त सरगुंडे दिसतात. म्हणून खाऊन झाल्यावर म्हटलं, "काल तुले चिमटा घेतला, माह्यं चुकलं." तो म्हणते, "हो." एवढंच. दोन्ही करा, ताटही अन् शब्दही.

पोरीला आधी पाणी द्यायला उठवणं अन् पोराला जेवायला आधी बसवणं यावर मी लांब लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. एक आठवडा फक्त मोजा, का घरात 'उठ, ते आण' कोणाला किती वेळा म्हटलं. मी मोजलं, अन् आता लहाना पाण्याचे गिलास ठेवते. सांडवते, पण ठेवते.

कर्जाचं बोलणं

हे कोणत्याच व्हिडिओत नव्हतं. आपल्याकडे रात्री दिवा मालवला की नवराबायकोचं बोलणं निघते, सोसायटीचं, बँकेचं, कृषी केंद्रवाल्याचं, अन् आपल्याला वाटते पोरं झोपली. ती झोपलेली नसतात. आपल्या जिल्ह्यांत कोणाच्या बापाने काय केलं हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असते. एका रात्री पोरगी उठून हे आहेत का पाहून आली, अंथरुणाजवळ उभी राहिली अन् परत गेली. दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री यांनीच तिला जवळ घेतलं.

लपवून उपयोग नाही अन् सगळा हिशोब तिच्या डोक्यावर टाकणंही बरोबर नाही. यांनी तिला एवढं सांगितलं, का यावर्षी पैसे कमी आले, नवीन सायकल यंदा नाही, पैशाचं पाहणं माझं अन् तुझ्या मोठ्या बाबांचं काम आहे, तुझं नाही, अन् मी कुठे जात नाही. बापाच्या तोंडून. आईने सांगितलेलं तिला पुरलं नसतं. तुमच्या घरी हे बोलणं होत असेल तर वावरात करा, चालता चालता, किंवा पोरांना आधी वरीलसारखं साधं खरं सांगून ठेवा. अन् घरातलं मोठं माणूस गप गप राहत असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर पोरं सांभाळायच्या आधी त्याला सांभाळा, 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीचा, सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

शांत बसणं वगैरे

वेगळं ध्यान शिकवायची गरज नाही. तुकडोजी महाराजांनी सकाळचं सामुदायिक ध्यान अन् संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव लावून दिली, मोझरीच्या त्यांच्या आश्रमातून ती आमच्या गावापर्यंत आली अन् अजून होते. विहार असेल तर विहारात जा. काहीच नसेल तर दिवेलागणीला पाच मिनिटं सगळे अंगणात बसा. एकच नियम, मोठ्यांचे मोबाईल आतल्या खोलीत. पोरांचा मोबाईल काढून घ्यायच्या गोष्टी नंतर करा.

सुरुवात कधी करायची हेही पाहून करा. मिरगाच्या पेरणीत नाही, तेव्हा माणूस माणसात नसते. वेचणीच्या दिवसांतही पाच मिनिटांच्या वर अपेक्षा ठेवू नका. मला सगळ्यात सोपा वाटला तो भुलाबाईचा महिना, भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. पोरी रोज एकेकीच्या घरी गाणी म्हणतात अन् मग खाऊ ओळखायचा असतो, डबा झाकलेला, हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, गोड का तिखट विचारायचं. सगळ्या गप, सगळ्यांचे कान डब्यात. मागच्या कोजागिरीला मी मुद्दाम खाली बसली अन् माझ्या पोरीने डबा माझ्या कानाजवळ धरून हलवला. मी म्हटलं लाह्या. "नाई." चिवडा? "नाई. नीट ऐक ना आई." तिसऱ्यांदा हलवला. भिजवलेले हरभरे होते, आवाजच येत नव्हता.